चार पावलं चालून दाखव

गेल्या रविवारी दुपारी शेजारची मुलगी दारात येऊन उभी राहिली. बारावी सायन्स, उच्च माध्यमिकच्या कबड्डी संघात रेडर, दोन्ही गुडघ्यांवर खरवडल्याच्या खुणा. हातात वही होती, म्हणजे प्रकरण गंभीर.

"ताई, मला स्पोर्ट्स फिजिओ व्हायचंय. काय काय करायचं ते सांग, मी लिहून घेते."

"हे डोक्यात कुठून आलं गो?"

"टीव्हीवर बघून. खेळाडू पडला की ती बॅग घेऊन धावत जातात ना, तसं."

मला हसू आलं, कारण माझ्या डोक्यात ते असंच शिरलं होतं. नव्वदच्या दशकात भारतीय क्रिकेट संघाबरोबर फिजिओ म्हणून अली इराणी असायचे. गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी टीव्हीपुढे अर्धी आळी जमायची. कुणाच्या बोटावर चेंडू बसला की इराणी धावत यायचे, गुडघ्यावर बसायचे, डब्यातून काहीतरी फवारायचे आणि फलंदाज पुन्हा उभा. त्या डब्यात जादू आहे यावर माझा ठाम विश्वास होता. तो थंड फवारा कातडी काही मिनिटं बधिर करतो, आत हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटला त्याची वार्ताही नसते, हे कळेपर्यंत मी तिसऱ्या वर्षाला पोचले होते. तोवर परत फिरण्याची सोय उरली नव्हती.

रस्ता सांगायला पाच मिनिटं पुरतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मग फिजिओथेरपीची पदवी, बीपीटी. माझ्या वेळी चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तेव्हापासून नियम बदलत चाललेत, म्हणून प्रवेशाचं काय ते त्या त्या वर्षीच नीट बघ, माझ्या आठवणींवर जाऊ नको, असं तिला बजावलं. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर एमपीटी, तिच्यात क्रीडा हा विषय घेता येतो. पदवीत खेळाच्या दुखापती म्हणजे ताटातलं लोणचं, सगळं जेवण वेगळंच असतं. बाकी टेपिंग, ड्राय नीडलिंग, स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग अशी प्रमाणपत्रं हवी तेवढी मिळतात. भिंत छान भरते.

"म्हणजे सात वर्षं?" तिने पेन थांबवलं.

"माझ्या वेळच्या हिशेबाने साडेसहा. नापास झाली नाहीस तर."

तिने ते लिहून घेतलं आणि गेली. वहीत जे मावलं नाही ते तेव्हापासून डोक्यात फिरतंय.

पदवीसाठी मी बेळगावला गेले. शनिवारी कदंबच्या बसने घाट उतरून घरी यायचं, सोमवारी पहाटे आईने बांधून दिलेला डबा घेऊन पुन्हा घाट चढायचा. पहिलं वर्ष शरीररचनेचं. फॉर्मालिनचा वास केसांत बसतो, वहीच्या पानांत बसतो, डब्यातल्या चपातीलाही येतो. पहिला महिना मी नुसत्या पेजेवर काढला. तिथे शिकलेलं बरंचसं आज आठवत नाही, पण एक तास आठवतो. आमच्या मॅडमनी आम्हाला समोरासमोर बसवलं, एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर, आणि डोळे मिटायला सांगितले. पावलात सव्वीस हाडं. पुस्तकात ती रंगीत असतात, बोटांखाली सगळी एकाच रंगाची. "घोट्याच्या बाहेरच्या गाठीपासून सुरू करा. मागची कड शोधा. आता खाली या. पावलाच्या बाहेरच्या कडेने पुढे चला. करंगळी आणि टाच यांच्या मध्यावर उंचवटा लागतो का?" लागला. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, कातडीच्या लगेच खाली. पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं बूड. पोटरीच्या बाहेरून येणाऱ्या एका स्नायूची दोरी तिथे येऊन बसते. समोरच्या मैत्रिणीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, आणि मॅडम म्हणाल्या, "हसा, पण जागा विसरू नका."

मी विसरले. ते पुढे येईलच.

हात शिकायला डोक्यापेक्षा जास्त वेळ घेतो, हे या धंद्यात कुणी आधी सांगत नाही. गुडघ्याची लॅकमन चाचणी मला पाठ होती: मांडीचं हाड एका हाताने धरायचं, गुडघा जरासा वाकवून नडगीचं हाड दुसऱ्या हाताने पुढे ओढायचं, आणि शेवटी दोर ताणल्यासारखा ठाम अडसर लागतो की नाही ते बघायचं. लिगामेंट शाबूत असेल तर ओढ एका जागी टक्कन थांबते. तुटलं असेल तर ती थांबतच नाही, मऊ होत जाते. परीक्षेत मी हे उत्तर झकास लिहिलं. खऱ्या गुडघ्यावर मला ते 'थांबणं' कळायला दोन वर्षं लागली. त्यातही पहिलं वर्ष मी वरिष्ठांच्या तोंडाकडे बघून "हो, कळलं" म्हणत होते.

दुसरी गोष्ट कानाची. आमच्याकडची माणसं घरात कोंकणी बोलतात, सकाळी पेपर मराठी वाचतात, आणि क्लिनिकात आल्यावर एकदम इंग्रजीत शिरतात. "मॅडम, पेन होता." मी म्हणते, पेन राहू दे, कसं दुखतं ते तुझ्या भाषेत सांग. मग खरा माल बाहेर पडतो. कळ येते म्हणणारा माणूस बोटाने रेघ ओढून दाखवतो, कमरेपासून पोटरीपर्यंत, आणि मला कुठली नस बघायची ते समजतं. मुंग्या म्हटलं की पुन्हा नसच, पण वेगळी तक्रार. ठणका म्हटलं की मी विचारते, रात्री वाढतो का? रात्री झोपू न देणारा ठणका घेऊन आलेल्याला व्यायाम द्यायचे नसतात, आधी डॉक्टरकडे पाठवायचं असतं. चमक भरली, पाठ धरली, मान आखडली: यातली प्रत्येक गोष्ट वेगळी, आणि बोलणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं. रग लागली म्हणणाऱ्या मुलाला मी सरळ म्हणते, मग लागू दे, त्यासाठीच तर व्यायाम दिलाय. आणि एखादा फुटबॉलवाला जेव्हा म्हणतो, "गुडघो दगो दिता", तेव्हा माझे हात आपोआप त्या लॅकमनकडे वळतात. इंग्रजी पुस्तकातही याच अर्थाचा शब्द आहे, फक्त तिथे तो शिकावा लागतो, इथे आजीलाही येतो.

आता माझी चूक.

नोकरीचं दुसरं वर्ष. भात कापून झालं की आमच्याकडे शेतांची मैदानं होतात. धसकटं पायांना टोचतात, बांधावर बसून लोक बघतात, कोपऱ्यात मिरची भजी तळली जातात, लाऊडस्पीकरवर एक गृहस्थ तीन भाषांत समालोचन करतात. अशाच एका गावच्या स्पर्धेत मला फिजिओ म्हणून बोलावलं होतं. मानधन म्हणून श्रीफळ आणि शाल. उपांत्य सामन्यात एका मुलाचा पाय आत मुरगळला. मी बॅग घेऊन धावले, अगदी टीव्हीवरच्यासारखी, आणि खरं सांगायचं तर त्या धावण्यात मला जरा मजाच वाटत होती.

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी एक साधा नियम बांधून दिला. मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे काढायची गरज नसते, पण कुणाचा काढायचा हे ठरवायचं कसं? ठरावीक चार जागी हाड दाबून बघायचं: घोट्याच्या दोन्ही गाठींच्या मागच्या कडा, पावलाच्या आतल्या बाजूचं एक होडीसारखं हाड, आणि बाहेरच्या कडेचा तो उंचवटा. शिवाय चार पावलं चालता येतं का ते बघायचं. यातलं काही बिनसलं तर एक्स-रे.

घोट्याच्या दोन्ही गाठी मी दाबल्या, दुखलं नाही. गाठीच्या पुढे खाली, मुरगळण्यात पहिलं बळी पडणारं लिगामेंट असतं तिथे दुखलं, आणि माझं उत्तर तयार झालं. लचक आहे. मी म्हटलं, "चार पावलं चालून दाखव." तो उठला आणि चालला. दात आवळून चालला, पण चालला. बांधावरून टाळ्या पडल्या. मी पट्टी बांधली, बर्फ दिला, दोन दिवसांनी हळूहळू वजन टाकायला सांगितलं.

आठवड्याने त्याचे वडील त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पाचव्या मेटाटार्सलचं बूड तुटलेलं होतं. पाय मुरगळताना त्या स्नायूच्या दोरीने हाडाचा तुकडाच ओढून काढला होता. डॉक्टरांनी मला फोन केला. ओरडले नाहीत. "बाहेरच्या कडेला दाबून बघितलं होतंस का?" एवढंच विचारलं. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यात त्यांना उत्तर मिळालं.

नंतर त्या मुलाला मी विचारलं, इतकं दुखत असताना चाललास कसा? तो म्हणाला, "पुढल्या आयतारा फायनल आशिल्ली न्हय?"

फायनल होती. त्याच्या दृष्टीने विषय संपला. खेळाडू खोटं बोलतो ते मला फसवायला नाही. त्याला खेळायचं असतं, आणि मधे उभी मी. वेदनेची पट्टी दाखवून शून्य ते दहामध्ये किती दुखतं असं विचारलं, की नेमका सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा आकडा दोनवर येतो. म्हणून हात शिकवावा लागतो. तोंड चार पावलं सहज चालून जातं.

बर्फाचं निघालंच म्हणून सांगते. आम्हाला शिकवलं होतं: विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये हे सूत्र रूढ केलं. पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं, कारण सुरुवातीची सूज ही दुरुस्तीचीच पहिली पायरी असते. आता आम्ही सुरुवातीचे एक-दोन दिवस जपायला सांगतो आणि मग लवकरात लवकर, सोसेल तसं, वजन टाकायला लावतो. बर्फ वेदना कमी करायला वापरावा, त्यात काही पाप नाही. पण परीक्षेत ज्या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेच आज मी विद्यार्थ्यांना खोडून दाखवते. हाडवैद्याकडून तेल चोळून आलेल्या पेशंटला हसण्यापूर्वी हे आठवतं. आमच्या आजीचा हाडवैद्य निदान रोज येऊन पाय हातात घ्यायचा.

धावत जाण्याचा एकच प्रसंग असा की तिथे खरोखरच सेकंद मोजावे लागतात. ५ डिसेंबर २००४. बंगळूरला फुटबॉलच्या फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, आमचा गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि गेला. मी बेळगावच्या वसतिगृहात होते, घरून फोन आला. आमच्याकडे फुटबॉल घरातला विषय असल्यामुळे बाबांचा आवाज कुणी नातलग गेल्यासारखा होता. धेंपोने त्याचा दहा नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. त्या दिवसानंतर मैदानावर डॉक्टर, रुग्णवाहिका, यंत्रं काय असायला हवं यावर देशभर बोललं गेलं. पुढे १२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनला असाच कोसळला. छातीदाब लगेच सुरू झाला, शॉक देणारं यंत्र हाताशी होतं, आणि तो जगला. पुन्हा खेळलाही.

म्हणून माझ्याकडे इंटर्न आला की पहिल्या दिवशी त्याला कुठलंही मशीन दाखवत नाही. जमिनीवर छातीदाबाच्या सरावाचा पुतळा ठेवते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दोन मिनिटं न थांबता. नव्वद सेकंदांत घाम फुटतो. डोक्याला मार लागून भेलकांडणारा खेळाडू "बरो आसां" म्हणाला तरी बाहेर काढायचा, शंका असली तरी काढायचा, हेही त्याच दिवशी. दम्याचा पंप किंवा सर्दीची गोळी देताना उत्तेजकांच्या यादीत डोकवायचं, हे दुसऱ्या दिवशी.

बाकी सगळं काम खोलीतलं आहे, आणि ते टीव्हीवर कधीच दिसणार नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक फुटबॉलपटू मुलगी आली. वय एकोणीस. हेडर मारून उतरताना एका पायावर उतरली, गुडघा आत वळला, 'कट्ट' असा आवाज तिने स्वतः ऐकला. आसपास कुणीही नव्हतं, धक्का कुणी दिला नव्हता. पुढचं क्रुशिएट लिगामेंट, एसीएल, बहुतेकदा असंच तुटतं, एकट्यानेच. मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. शस्त्रक्रिया झाली, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात बसवली, आणि ती वॉकर घेऊन माझ्याकडे आली.

पहिला व्यायाम म्हणजे टॉवेल. गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. बस. जी मुलगी नव्वद मिनिटं धावायची तिला मी टॉवेल दाबायला सांगत होते. तिने दाबायचा प्रयत्न केला. मांडी हलली नाही. पुन्हा केला. कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले, दुसऱ्या पायाची बोटं ताणलेली, आणि शस्त्रक्रियेच्या पायाची मांडी सुटीवर गेल्यासारखी निवांत. "ताई, हा पाय माझं ऐकतच नाहीये," ती म्हणाली आणि रडायला लागली.

असं होतं. सांध्यात सूज असली की तिथून निघालेला निरोप मज्जारज्जूत पोचतो आणि मांडीच्या स्नायूला हुकूम जायचा थांबतो. स्नायू धडधाकट असतो, नसही धड असते, फक्त मधला कारकून फाईल पुढे सरकवत नाही. मी तिचा हात तिच्याच मांडीवर ठेवला, गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, आणि म्हटलं, इथे बोटांना काही लागेपर्यंत दाबत राहा, लागलं नाही तरी मोज. चौथ्या दिवशी लागलं. मासा पाण्यात जरा सळसळावा एवढंच. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी मान ताणायला लावलेलं वजन बाजूला करून टाळ्या वाजवल्या.

तिथून नऊ महिने. चौथ्या महिन्यात ती धावायला लागली आणि खरा त्रास तेव्हापासून सुरू झाला. पाय दुखत नाही, सूज नाही, दिसायला सगळं ठीक, मग थांबायचं कशाला? नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की अशा शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवावं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होत जातं. नवी दोरी गुडघ्यात रुजायला वेळ घेते, आणि तिला घाई कळत नाही. मी हे तिला सांगितलं, तिच्या वडिलांना सांगितलं, प्रशिक्षक सरांना दोनदा सांगितलं. सहाव्या महिन्यात सर क्लिनिकात आले. सोबत काजूची पिशवी होती. "बाय, फक्त शेवटची पंधरा मिनिटं उतरवतो. निवड समिती येतेय."

सर वयाने वडिलांसारखे. माझ्या गावात त्यांना सगळे मानतात. मी चहा दिला, पिशवी ठेवून घेतली, आणि त्यांना मुलीची उडी दाखवली. एका पायावर लंगडी उडी, जेवढी लांब जमेल तेवढी. चांगल्या पायाची उडी फूटपट्टीने मोजली, मग दुखऱ्या पायाची. चांगल्याच्या शंभराला दुखऱ्याचे किमान नव्वद भरायला हवेत. भरले शहात्तर. "सर, तुम्हीच सांगा." सर बराच वेळ जमिनीवरच्या त्या चिकटपट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "समितीला मी सांगतो काय ते." त्या वर्षी तिची निवड हुकली. तिने माझ्याशी तीन आठवडे धड बोलणं टाकलं होतं. व्यायामाला मात्र एक दिवस चुकली नाही.

'अजून नाही' हे दोन शब्द मला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवले नाहीत. ते कसे म्हणायचे हे ज्याने त्याने शिकायचं. मी आरडाओरडा करून बघितला, घाबरवून बघितलं, विनवून बघितलं. शेवटी मोजपट्टी बरी पडली. आकडा माझ्यापेक्षा कमी आगाऊ वाटतो.

शेजारच्या मुलीला मी पैशांबद्दलही सांगायला हवं होतं. क्लबांकडे, अकादम्यांकडे फिजिओच्या जागा मोजक्या, आणि हंगाम संपला की करारही संपतो. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, तेव्हा पंधरा दिवस आमची फार चलती होती. त्या दमट हवेत पोटऱ्यांना गोळे आलेल्या किती जणांच्या टाचा मी माझ्या पोटावर टेकवून ताणल्या, गणती नाही. पंधरवडा संपला, आणि सोमवारी क्लिनिकात पुन्हा खांदा आखडलेले गुरुजी आणि कदंबचे ड्रायव्हर. पोट या लोकांवर भरतं. आणि कुठे कुठे अजून 'मसाजवाली आली' असंही ऐकावं लागतं. एका क्लबात मला खेळाडूंच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून दिली होती, आत बाईमाणूस नको म्हणून. मुलं एकेक करून लंगडत बाहेर यायची, पाऊस आला की आम्ही सगळेच भिजायचो.

तरी मला विचाराल तर माझ्याकडचे सर्वात कसलेले खेळाडू कुठल्याच क्लबात नाहीत. आमचा पाडेली साठीला आलाय. पायात दोरीचा फास अडकवून दिवसाला कित्येक माड चढतो, वर एका हाताने धरून दुसऱ्याने कोयता चालवतो. त्याचा खांदा दुखायला लागला तेव्हा मी त्याला क्रिकेटच्या गोलंदाजाला देते तेच व्यायाम दिले, रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून. आणि शिगमा संपला की येतात घोडेमोडणीवाले. कमरेला लाकडी घोडा बांधून, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, ढोलाच्या ठेक्यावर तासन् तास उड्या. सराव म्हणाल तर शिगम्याच्या आधीचे चार दिवस. वर्षभर बसून एकदम एवढी धाव घेतल्यावर पोटरी आणि नडगी बोलणारच. खेळाच्या शास्त्रात याला अचानक वाढलेला भार म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगितलं की पुढल्या वर्षी माघातच ढोल बाहेर काढा. दोघांनी ऐकलं. बाकीचे दरवर्षी येतात, आणि येताना करंज्या आणतात.

दुखापत व्हायच्या आधीचं काम तर कुणालाच नको असतं. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, पंधरा व्यायाम, साहित्य जवळजवळ शून्य. नॉर्वेच्या तेरा ते सतरा वयाच्या मुलींवर तो वापरून बघितला, तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. मी तो आमच्या गावच्या मुलांना शिकवायला गेले. त्यातला एक व्यायाम असा की गुडघ्यांवर बसायचं, मागून मित्राने घोटे धरायचे, आणि शरीर ताठ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. पहिलाच मुलगा तोंडावर आपटला, सगळं मैदान हसलं, आणि वॉर्म-अप तिथेच बरखास्त झाला. आता मी घोटे धरायला त्यांच्या कप्तानाला बसवते. कप्तानापुढे कुणी हसत नाही.

काल संध्याकाळी शेजारची मुलगी पुन्हा आली. वहीशिवाय.

"आईने विचारलंय, एमबीबीएसच का नको?"

"ते तू आईला सांग. मला कशाला विचारतेस?"

ती पायरीवर बसली. जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पण मला जमेल का, ते कसं कळायचं?"

मी चप्पल काढली, माझा उजवा पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, डोळे मीट. घोट्याच्या बाहेरच्या गाठीपासून सुरू कर. मागची कड लागली? आता खाली ये, बाहेरच्या कडेने पुढे चल. तिची बोटं थंडगार होती, आणि घाबरलेली. दोनदा चुकली, एकदा टाचेकडेच गेली. मग थांबली. पुन्हा तेवढ्याच जागेवर आली आणि जरा दाबलं.

"इथे काहीतरी आहे."

"केवढं?"

"चण्याएवढं. टणक." तिने डोळे उघडले नाहीत. "ताई, तुला दुखतंय का?"

"ते माझ्या तोंडाला नको विचारू," मी म्हटलं. "अजून जरा दाब."